दुखणं डॉक्टरांना नेमकं कसं सांगायचं? जुनाट दुखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंबर, टोंगळे (गुडघे), मान, डोकं, हातपाय किंवा ओटीपोट महिनोन्‌महिने दुखत असलेल्या माणसांसाठी आणि त्यांना दवाखान्यात घेऊन जाणाऱ्या घरच्यांसाठी हे पान आहे. मी विदर्भातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. खालचे प्रश्न तिथे येणाऱ्या लोकांचे आहेत. ही उत्तरं वाचून आजार ओळखता येणार नाही, ते डॉक्टरांचंच काम. पण साखर रक्तातून कळते, बीपी पट्टा बांधून कळतं. दुखणं किती आहे हे दाखवणारं यंत्र मात्र कुठल्याही दवाखान्यात नाही, मोठ्यातल्या मोठ्याही नाही. ते फक्त तुम्हाला माहीत असतं. त्यामुळे तुमचं सांगणं हाच तपासणीचा पहिला भाग असतो.

किती दिवस दुखलं म्हणजे जुनाट म्हणायचं?

तीन महिने. त्याहून जास्त काळ टिकलेलं, किंवा थांबून थांबून परत येत राहिलेलं दुखणं जुनाट धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत (ती 2022 पासून लागू झाली) जुनाट दुखण्याला स्वतःची वेगळी जागा दिली आहे. म्हणजे ते नेहमीच दुसऱ्या कुठल्या आजाराचं नुसतं लक्षण नसतं, कधी कधी तोच आजार असतो.

डॉक्टरांना सांगताना "लय दिवसांपासून" म्हणू नका. तारीख आठवत नसेल तर हंगाम सांगा: "मागच्या सोयाबीन सोंगणीपासून", "पोळ्याच्या आधीपासून", "धाकट्याच्या बाळंतपणानंतर". डॉक्टर त्यावरून महिने मोजतात. सुरुवात कशी झाली तेही सांगा. पडलात, पोतं उचलताना चमक निघाली, ताप येऊन गेला, की काहीच न होता हळूहळू वाढलं? चिकनगुनियानंतर सांधे कित्येक महिने दुखत राहतात. तो ताप आपण विसरून जातो आणि डॉक्टरांना कळतच नाही.

"दहापैकी किती दुखते?" असं विचारतात. याचं उत्तर काय द्यायचं?

शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही. दहा म्हणजे तुमच्या कल्पनेतलं सगळ्यात भयंकर दुखणं, ज्यात माणूस धड बोलूही शकत नाही. तुमचं दुखणं या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतं, एवढाच प्रश्न आहे. ही परीक्षा नव्हे, शेजारणीच्या दुखण्याशी तुलनाही नव्हे. तुमचा आकडा फक्त तुमच्याच मागच्या आकड्याशी ताडून पाहायचा असतो.

नुसता एक आकडा सांगितला तर त्यातून फार कळत नाही. एक बाई म्हणाल्या, "पाच." पुढे विचारलं तेव्हा समजलं की खाटेवर बसून पाच, आणि कापूस वेचायला वाकलं की आठ, ओटीत चार-पाच किलो कापूस जमला की उभंच राहता येत नाही, मग बांधावर जाऊन पडावं लागतं. डॉक्टरांना उपयोगी पडलं ते हे सगळं. पाच या आकड्यावर त्यांनी गोळी लिहून दिली असती. बाकीचं ऐकल्यावर त्यांनी पाय उचलून पाहिला, पायाच्या अंगठ्यातली ताकद पाहिली.

म्हणून चार आकडे सांगा: आत्ता किती, गेल्या आठवड्यात सगळ्यात जास्त किती, सगळ्यात कमी किती, आणि एरवी साधारण किती. आणि प्रत्येक आकड्याला एक काम जोडा. कुठला आकडा सांगावा हे सुचत नसेल तर असं धरा. दुखतं पण काम थांबत नाही, गप्पांत विसरायला होतं: एक ते तीन. काम होतं पण मध्येच बसावं लागतं, लक्ष तिकडेच जातं: चार ते सहा. काम सोडावं लागतं, झोप मोडते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही: सात आणि त्याच्या वर.

मला आकड्यात सांगता येत नाही. आण्यात सांगितलं तर चालेल का?

चालेल, आणि आमच्याकडे बहुतेक म्हातारी माणसं तसंच सांगतात. "आठ आणे आराम आहे जी." हे माप चांगलं आहे, कारण रुपयाचे सोळा आणे मनात पक्के बसलेले असतात.

फक्त एक घोळ टाळा. आणे आपण आरामाचे मोजतो आणि डॉक्टर दुखण्याचे मोजतात. "बारा आणे" एवढंच म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, तीन हिस्से दुखणं शिल्लक आहे. तुम्हाला म्हणायचं असतं की तीन हिस्से गेलं. म्हणून पूर्ण वाक्य बोला: "बारा आणे दुखणं गेलं, चार आणे राहिलं." प्राथमिक आरोग्य केंद्रात नवीन आलेले डॉक्टर पुण्या-मुंबईकडचे, तरुण असतील तर त्यांना आणे कळतीलच असं नाही. मग "अर्धं गेलं", "पाव राहिलं" असं सांगा.

दहा सांगितलं तरच लक्ष देतील ना?

असं वाटणं साहजिक आहे. तीन तास रांगेत उभं राहून दोन मिनिटं मिळतात, मग माणूस मोठाच आकडा सांगतो. पण प्रत्येक वेळी दहा सांगितलं की पुढच्या महिन्यात खरोखर वाढलं तेव्हा सांगायला आकडाच उरत नाही. औषध लागू पडलं की नाही, हेही कळत नाही. आणि डॉक्टर बघतात की बाई चालत आली, बोलतेय, मग ते आकड्याकडे लक्ष देणंच सोडून देतात. "सहा आहे, पण या सहामुळे मला टोपलं उचलता येत नाही" हे वाक्य दहापेक्षा वजनदार आहे.

याच्या उलटही तितकंच होतं, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. पुरुष माणसं, आणि घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाया, "काही नाही, थोडंसं" म्हणतात. सहन करायची सवय इतकी जुनी असते की सातचं त्यांना तीनच वाटतं. तुम्ही त्यांच्यातले असाल तर आकडा सोडून द्या आणि फक्त हे सांगा: दोन वर्षांपूर्वी करत होतात आणि आता करत नाही, अशी कोणती कामं आहेत? फवारणीचा सोळा लिटरचा पंप पाठीवर घेणं बंद केलंत? खाली बसून जेवणं सोडलंत? संडासला बसताना भिंतीचा आधार लागतो? पंगतीला जाणं टाळता? यातच तुमचा आकडा आहे.

डॉक्टरांना नेमकं किती सांगायचं? त्यांच्याकडे वेळच नसतो.

तीन गोष्टी तरी सांगाच. गेल्या आठवड्यात साधारण किती दुखलं, दुखण्यामुळे जगण्यातला आनंद किती गेला, आणि रोजच्या कामात किती अडथळा आला. तिन्हींना शून्य ते दहा. दवाखान्यांसाठी 2009 साली तयार झालेली ही एक छोटी मोजपट्टी आहे आणि जगभर वापरली जाते. घरून निघतानाच हे तीन आकडे मनात ठरवून घ्या.

मग बोलायचं ते असं: "डॉक्टर साहेब, दिवाळीपासून कंबर दुखते. उजव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाते. बसलं की चार, वाकलं की आठ. रात्री दोनदा जाग येते. वावरात जाणं बंद झालं. मला पुन्हा निंदणाला जाता यायला पाहिजे." हे बोलायला अर्धा मिनिट लागतो. शेवटचं वाक्य विसरू नका. तुम्हाला काय करता यायला हवं आहे हे कळलं की डॉक्टर त्या दिशेने इलाज आखतात.

एक गोष्ट मात्र आधी सांगू नका: निदान. "मणक्यात गॅप आला", "युरिक ऍसिड वाढलं", "नस दबली", "कॅल्शियम कमी झालं" असं म्हणत लोक येतात, कारण आधी कुणीतरी तसं सांगितलेलं असतं. ते नंतर सांगा, कागद दाखवा. पहिल्यांदा काय होतं ते सांगा. गॅप हा शब्द ऐकला की ऐकणारा गॅपच शोधायला लागतो.

"कसं दुखते?" म्हणजे काय सांगायचं? दुखते म्हणजे दुखते!

आपल्या बोलीत दुखण्यासाठी शब्दांचा तोटा नाही आणि ते सगळे डॉक्टरांच्या कामाचे आहेत. आग होते, जळजळते, मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखं होतं, करंट लागल्यासारखी चमक जाते, तळवा बधिर वाटतो, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही: असं असेल तर दुखणं बहुधा नसांचं असतं. साखरेच्या आजारात पायांचं असंच होतं. त्याला वेगळ्या गोळ्या लागतात, साध्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही. म्हणूनच हा एक शब्द चुकला की महिनोन्‌महिने चुकीच्या गोळ्या चालू राहू शकतात.

ठणकतं, सांधा अवघडतो, सूज येते, हात लावला की गरम लागतं, उठताना कटकट वाजतं: हे सांध्याकडचं. पिळवटून येतं, लाटेसारखं येतं-जातं, पोटात मुरडा पडतो: हे आतड्याकडचं किंवा मूत्रमार्गाकडचं असू शकतं. डोक्याची एकच बाजू ठणकते, उजेड सहन होत नाही, मळमळतं: हेही असंच्या असं सांगा. रात्री पोटरीत वांब येत असतील तर तेही.

शब्द वऱ्हाडी असो, झाडीबोलीतला असो, गोंडी असो की कोरकू, तुमच्या तोंडी जो येतो तोच बोला. डॉक्टरांना कळला नाही तर ते विचारतील, किंवा आशाताई समजावून देतील. डॉक्टरांसाठी म्हणून शुद्ध मराठी शोधत बसलात तर नेमकी गोष्ट राहून जाते.

"सारं आंगच दुखते" असं म्हटलं तर?

खरंच सगळं अंग दुखत असेल तर तसंच सांगा; तसे आजारही असतात. पण बहुतेक वेळा एक-दोन जागा मुख्य असतात. एका बोटाने दाखवा. बोटाने दाखवता येते की पूर्ण तळहात फिरवावा लागतो, यावरूनही डॉक्टर काहीतरी ओळखतात. दुखणं जागा सोडून पुढे जात असेल तर तो सगळा रस्ता हाताने दाखवा: कमरेतून खुब्यात, मांडीच्या मागून पोटरीत, तिथून करंगळीत की अंगठ्यात? कोणत्या बोटापर्यंत पोचतं हे महत्त्वाचं आहे, त्यावरून कोणत्या मणक्याजवळची नस असेल याचा अंदाज बांधता येतो.

दिवसाच्या कोणत्या वेळी दुखतं, याने काय फरक पडतो?

खूप. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात आणि चूल पेटवून, पाणी भरून, भाकरी थापेपर्यंत म्हणजे तासभर तरी मोकळे होत नाहीत, हातांच्या बोटांचे छोटे सांधे सुजतात: हा संधिवाताचा एक प्रकार असू शकतो आणि त्याचा इलाज लवकर सुरू झाला तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. उलट सकाळी दहा-पंधरा मिनिटांतच टोंगळे मोकळे होतात, पण दिवसभर काम करून संध्याकाळी जास्त दुखतात: ही साधारणपणे सांध्याची झीज.

विशी-पंचविशीतला पोरगा म्हणतो की रात्री अडीच-तीनला कंबरदुखीने जाग येते, उठून अंगणात चाललं की बरं वाटतं आणि पडून राहिलं की वाढतं. घरचे म्हणतात, मोबाइल पाहून पाहून झालं. त्याने हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण पाठीच्या कण्याचा एक दाहाचा आजार नेमका असाच वागतो आणि तो वर्षानुवर्षं ओळखू येत नाही.

थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात? मग कशाने थांबतं ते पाहा. नुसतं उभं राहिल्याने थांबतं, की खाली बसावं लागतं, पुढे वाकावं लागतं? सायकल चालवताना होत नाही पण पायी चालताना होतं का? पहिलं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्यांकडे पाहावं लागतं, दुसरं असेल तर कमरेच्या मणक्यांकडे. एवढ्याशा फरकावर तपासणी बदलते.

लिहून ठेवा म्हणतात. मला लिहिता येत नाही.

भिंतीवरचं कॅलेंडर आहे ना, ज्यावर दुधाचा खाडा मांडता? त्याच चौकोनात मांडा. कमी दुखलं तर एक रेघ, मध्यम तर दोन, काम सोडावं लागलं तर तीन. रात्री झोप मोडली तर एक गोल. गोळी घेतली तर एक टिंब. शाळेत जाणारी नात हे आनंदाने करते. महिन्याचं पान फाडून सोबत आणा, किंवा मोबाइलवर फोटो काढून आणा. दोन-तीन आठवड्यांचं पुरे. सहा महिन्यांची वही कुणी वाचत नाही. आणि दिवसभर दुखण्यावरच नजर ठेवू नका, रात्री एकदाच मांडा.

बाजाराच्या दिवशी जास्त चाललात, रोवणीत दिवसभर चिखलात वाकून उभे होतात, लग्नात पंगती वाढल्या, असं काही त्या दिवशी घडलं असेल तर तेही नातीला लिहायला सांगा.

आधी काय काय केलं ते सगळं सांगायचं का? डॉक्टर रागावतील.

सगळं सांगा. रागावले तरी सांगा. हा भाग लपवल्याने होणारं नुकसान सगळ्यात मोठं आहे.

गावात येणाऱ्या डॉक्टरकडून घेतलेलं इंजेक्शन, मेडिकलवरून मागून आणलेल्या गोळ्या, बाजारातल्या जडीबुटीवाल्याची पुडी, वैदूने बसवलेलं हाड, दिलेला डाग, लावलेला लेप, सलाईन. ज्या पुडीने "एका दिवसात जादू झाली", तिच्यात कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइडने दुखणं झटकन जातं, पण महिनोन्‌महिने घेतलं तर तोंड सुजतं, साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, म्हणून डॉक्टरांना ते माहीत असायलाच हवं. पुडी, रिकामी पट्टी, बाटली, जे असेल ते पिशवीत घालून आणा. "पांढरी गोल गोळी" सांगून काही कळत नाही, तशा शेकडो आहेत.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर गोळ्या रोज घेत असाल तर दिवसाला किती आणि किती महिन्यांपासून, ते मोजून सांगा. या गोळ्यांनी जठराला जखम होऊ शकते आणि किडनीवर ताण येतो. उन्हातान्हात, पाणी कमी पिऊन, घाम गाळत त्या घेतल्या तर किडनीचा धोका आणखी वाढतो. शौच डांबरासारखी काळी होत असेल तर तेच पहिल्यांदा सांगा. दारू घेत असाल तर किती घेता ते सांगा. दुखणं विसरायला घेता असं असेल तर तसंही सांगा. तंबाखू-खर्ऱ्याचंही.

आणि प्रत्येक गोळीने किती तास आराम पडला ते सांगा. "काही फायदा नाही" आणि "चार तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच" यांत फरक आहे.

सासू किंवा नवरा सोबत असतो. त्यांच्यासमोर सगळं बोलता येत नाही.

कमरेचं, ओटीपोटाचं दुखणं घेऊन आलेली बाई तपासणीच्या खोलीत नवऱ्याकडे बघते आणि नवरा सांगतो, "हिची कंबर दुखते." पाळीच्या वेळी वाढतं का, अंगावरून पांढरं जातं का, लघवीला जळजळ होते का, संबंधांच्या वेळी दुखतं का, अंग बाहेर आल्यासारखं वाटतं का, हे प्रश्न मग तसेच राहतात. गोळ्या कमरेच्या मिळतात.

हे नवीन नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 साली ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तपासलेल्या 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि उपचार घेतलेल्या अगदी थोड्या होत्या. त्या दुखण्यांतली कितीतरी अंगावर काढलेली होती.

तुम्ही "मला एकटीला बोलायचं आहे" असं म्हणू शकता. ते म्हणायचा धीर होत नसेल तर आधी आशाताईला किंवा नर्सबाईंना सांगा, त्या सोबतच्यांना बाहेर बसवतील. लिहिता येत असेल तर चिठ्ठी द्या. आणि सोबत आलेल्या भाऊंना, आत्यांना, सासूबाईंना माझी हात जोडून विनंती आहे: तिच्या दुखण्याचं उत्तर तिला देऊ द्या. तुम्हाला दिसलेलं तुम्ही नंतर सांगा, ते फार उपयोगी असतं: ती रात्री उठते, उठताना खाटेचा कठडा धरते, पूर्वी गाणं म्हणत दळायची ती आता बोलत नाही.

घरात सिकलसेल आहे. दुखणं सुरू झालं की कुणी विश्वास ठेवत नाही.

पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूरकडे, सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, पाठ, छाती, पोट इतकं दुखतं की माणूस लोळतो. वरून मात्र ना सूज दिसते ना जखम. पोरगं शाळा चुकवायला नाटक करतंय असं वाटतं. ते नाटक नसतं.

सिकलसेल असलेल्याने दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य हेच बोलावं: "मला सिकलसेल आहे." कार्ड, जुने कागद, हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर त्याची पट्टी सोबत ठेवा. मग सांगा: नेहमी दुखतं तसंच आहे की या वेळी वेगळं आहे? नेहमी किती असतं, आज किती आहे? मागच्या वेळी कशाने थांबलं होतं? थंडी, ताप, कमी पाणी, जास्त दगदग, यांतलं काय झालं होतं? दुखण्यासोबत ताप असेल, छातीत दुखून श्वास लागत असेल, एका बाजूची ताकद गेली असेल, किंवा लहान मुलाचं पोट डाव्या बाजूला फुगून ते पांढरंफटक पडलं असेल, तर घरी गोळी देत बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, आणि 2023 पासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लग्नाआधी ती करून घ्यावी असं मी प्रत्येकाला सांगते.

आमच्या गावात बऱ्याच जणांची पाठ आणि टोंगळे आखडलेत. वय म्हणून असेल?

पाणी कुठलं पिता, ते डॉक्टरांना सांगा. यवतमाळ, चंद्रपूर आणि आसपासच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं, दुसरी सोय नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्यास दात पिवळे-तपकिरी पट्ट्यांचे होतात, मान आणि पाठ ताठ होते, सांधे आखडतात. पोरांच्या दातांवर डाग आणि मोठ्यांची पाठ ताठ, असं एकाच गावात दिसत असेल तर ते नक्की सांगा आणि ग्रामपंचायतीकडून पाणी तपासून घ्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही.

आजी बोलत नाही, लहान लेकराला सांगता येत नाही. मग?

चेहरा बघा. कपाळावर आठ्या, ओठ दाबलेले, कूस बदलताना कण्हणं, एखादा हात-पाय हलवू न देणं, जेवण सोडणं, चिडचिड, एकदम गप्प होणं. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचं दुखणं अशा खुणांवरूनच ओळखतात. अंघोळ घालताना कुठे हात लागला की दचकते, हे सून किंवा लेक सांगू शकते, डॉक्टरांना ते दिसणार नाही. चालताना-उठताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून आणा.

तीन-चार वर्षांच्या पुढच्या मुलांना हसरे-रडके चेहरे काढलेला तक्ता दाखवतात, त्यातला कोणता चेहरा तुझा, असं विचारतात. पाटीवर घरीही काढता येतो.

डॉक्टर झोपेचं, टेन्शनचं विचारतात. म्हणजे मी ढोंग करते असं त्यांना वाटतं का?

नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये दुखण्याची व्याख्या नव्याने मांडली. तिच्यात शरीर आणि भावना दोन्ही आहेत, आणि सोबत हेही सांगितलं आहे की माणूस स्वतःच्या दुखण्याबद्दल जे सांगतो त्याचा मान ठेवला पाहिजे. झोप नाही झाली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं. कर्जाची, पिकाची काळजी असली की आणखी. म्हणून विचारतात. मोकळेपणी सांगा. जगावंसं वाटत नाही असे विचार येत असतील तर तेही सांगा, आणि दवाखाना लांब असेल तर 14416 वर फोन करा. ही टेलिमानस नावाची सरकारी मोफत सेवा आहे, रात्रीबेरात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

एक्स-रे नॉर्मल आला. तरी दुखते.

एक्स-रेत हाड दिसतं. नस, स्नायू, नुसती जळजळ दिसत नाही. उलट साठीच्या माणसाच्या एक्स-रेत झीज दिसते आणि त्याला काहीच दुखत नसतं, असंही खूपदा असतं. "रिपोर्ट चांगला आहे हे ऐकून बरं वाटलं, पण माझं काम अजून बंद आहे, आता पुढे काय करायचं?" असं विचारा. फिजिओथेरपीचा व्यायाम, नसांची गोळी, वेदनांचे तज्ज्ञ, असे पुढचे रस्ते असतात. दूर जाणं जमत नसेल तर उपकेंद्रातून ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं. तिथेही वरचे तीन आकडे आधीच ठरवून बसा.

कोणतं दुखणं वाट पाहू देत नाही?

छातीत दाब येऊन डाव्या हातात, जबड्यात कळ जाणं, घाम सुटणं. कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, किंवा बसायची जागा बधिर होणं, पायातली ताकद जाणं. आयुष्यात कधी झाली नाही अशी एकाएकी भडकलेली डोकेदुखी. यांत 108 ला फोन करा, उद्याची वाट पाहू नका.

पाठदुखीसोबत संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री पडून राहिलं तरी न थांबणारा ठणका असेल तर दोन-चार दिवसांतच दाखवा. मणक्याचा टीबी खोकल्याशिवायही होतो. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, किंवा म्हातारं माणूस नुसतं घसरून बसलं आणि तेव्हापासून पाठ दुखते, तरीही लवकर या.

पुढच्या वेळी गेलो की काय सांगायचं?

"तसंच आहे" म्हणू नका. मागचा आकडा आणि आजचा आकडा सांगा. दहाच्या पट्टीवर दोन आकडे कमी झाले, किंवा दुखण्याचा साधारण तिसरा हिस्सा गेला, तर इलाज लागू पडतोय असं धरतात. जुनाट दुखणं शून्यावर येईलच असं नाही, आणि कुणी तशी खात्री देत असेल तर सावध राहा. आकडा बदलला नाही पण आता विहिरीवरून पाणी आणता येतं, तर ते सांगा. हीसुद्धा सुधारणा आहे. गोळीने झोप येते, मळमळतं, तोल जातो, संडास साफ होत नाही, तर गोळी स्वतःहून बंद करून "घेतली जी" असं सांगू नका. बंद केली, आणि कशामुळे केली, ते सांगा. डॉक्टर दुसरी देतील किंवा कमी करतील. जुना केस पेपर आणि कॅलेंडरचं पान सोबत असू द्या. दर वेळी डॉक्टर तेच असतील असं नाही.